न पुसता येणारी वही
— बी. ए. (द्वितीय वर्ष)

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत असल्यापासून निबंधात लिहिलेले आहे. मीही लिहिले आहे आणि त्याबद्दल दहापैकी सात गुणही मिळवले आहेत. परंतु हे विज्ञान जेव्हा आपल्या दारात येऊन उभे राहते, तेव्हा ते ओळखता येतेच असे नाही. आमच्याकडे ते दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या चारचाकीतून आले, वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात बसून त्याने चहा घेतला, आणि माझ्या मामांचे ६०,००० रुपये घेऊन ते निघून गेले. त्याने आपले नाव 'कॉइन' असे सांगितले होते.

वाटूर फाटा आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. जालना, मंठा, परतूर, कुठेही जायचे तरी गाडीची वाट पाहत आपण तेथे उभे राहिलेलो आहोत. तेथेच एका गृहस्थांनी पाचसहा शेतकऱ्यांना बसवून समजावले, की 'ब्लॉकचेन' नावाचे नवे तंत्र आले आहे, त्यात पैसा टाकला की रोज एक टक्का वाढतो. मामांकडे नुकतीच कापसाची पट्टी आली होती. त्यांनी मला बोलावून घेतले. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मामा म्हणाले, "भाच्या, तू शिकलेला हायेस. ह्यात काय लिवलंय ते वाच बरं." मोबाईलवर सगळे इंग्रजीत होते. मी ते वाचले. अक्षरे कळली, अर्थ कळला नाही. पण 'कळले नाही' असे म्हणण्याची लाज वाटली. मी मान डोलावली आणि मामांच्या मोबाईलवर ते ॲप मीच टाकून दिले.

पुढची हकीकत कुणालाही सांगता येईल. दोन महिने पडद्यावरचे आकडे वाढत गेले. एकदा ३,००० रुपये खरोखरच बँकेत आले. त्या विश्वासावर मामांनी भावकीतल्या दोघांना आत ओढले. मग एके दिवशी पडद्यावर सूचना आली, की रक्कम काढायची असेल तर आधी १५,००० रुपये कर भरा. मामांनी ते भरले नाहीत, एवढेच शहाणपण झाले. ॲप बंद पडले, त्या गृहस्थांचा फोन बंद पडला. भावकीतले ते दोघे आजही मामांशी बोलत नाहीत.

या प्रकारानंतर मी ठरवले, की ही ब्लॉकचेन म्हणजे आहे तरी काय, हे एकदा मुळापासून समजून घ्यायचे. वर्षभर मिळेल ते वाचले, एक पैसाही न घालता स्वतः करून पाहिले. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या मामांना समजेल असे लिही, म्हणजे तुला समजले असे मी मानीन." प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला अल्पसा प्रयत्न आहे.

वही आणि फेरफार

ब्लॉकचेन ही मुळात एक वही आहे. कोणी कोणाला काय दिले याची नोंद ठेवणारी हिशेबाची वही. आता वही म्हटली की पहिला प्रश्न येतो, ती कोणाच्या हातात आहे? सावकाराच्या हातात वही होती तेव्हा काय होत असे, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. शंभराचे दीडशे झाले तरी अंगठा उठवणाऱ्याला ते वाचता येत नव्हते. बँकेची वही बँकेच्या हातात, जमिनीची वही तलाठ्याच्या दप्तरात. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण त्यांच्या मागे कायदा उभा आहे.

जमिनीचेच उदाहरण पुढे नेऊ. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. परंतु सातबाऱ्यावरचे नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी फेरफार लागतो. तो गाव नमुना ६ मध्ये नोंदवला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो, आणि एखाद्या जमिनीचे मागचे सगळे फेरफार लावून पाहिले, तर ती कोणाकडून कोणाकडे आली ही साखळी दिसते. मधला एक फेरफार नाहीसा झाला की साखळी तुटते आणि कोर्टाची पायरी चढावी लागते.

समजा, गावचे हे फेरफाराचे रजिस्टर एकट्या तलाठ्याकडे न राहता गावातील प्रत्येक घरात त्याची एकेक प्रत आहे. नवी नोंद झाली की ती चावडीवर मोठ्याने वाचली जाते आणि प्रत्येक घर आपापल्या प्रतीत ती उतरवून घेते. अशा गावात एखाद्याने रात्री आपल्या घरच्या प्रतीत खाडाखोड केली तर काय होईल? सकाळी बाकीच्या सगळ्या प्रती त्याला खोटे पाडतील. ब्लॉकचेन म्हणजे हेच गाव. घरांच्या जागी जगभर पसरलेले हजारो संगणक आहेत आणि चावडीच्या जागी इंटरनेट आहे. पन्नास-शंभर किंवा अधिक नोंदींचे एक पान झाले, की त्याला 'ब्लॉक' म्हणायचे आणि पानामागे पान जोडत गेलेल्या साखळीला 'चेन'.

ऱ्हस्व-दीर्घाची किमया

पाने जोडायची ती दोऱ्याने नव्हे, तर गणिताने. या गणिताला इंग्रजीत 'हॅश' म्हणतात. आपण त्याला 'ठसा' म्हणू. कोणताही मजकूर या गणितात घातला, की त्यातून ठरावीक लांबीची एक अक्षर-अंकांची ओळ बाहेर पडते. मजकूर एका शब्दाचा असो की संपूर्ण ज्ञानेश्वरीचा, ओळीची लांबी तेवढीच. बिटकॉइनमध्ये वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ती ६४ अक्षरांची लिहिली जाते.

या ठशाचे वैशिष्ट्य असे, की मजकुरात केसभर बदल झाला तरी ठसा संपूर्ण बदलतो. 'वाटूर' असे लिहून मी ठसा काढला, नंतर 'वाटुर' असे ऱ्हस्व लिहून काढला. दोन ठशांत काडीचेही साम्य राहिले नाही. आपल्या मराठीच्या सरांना हे गणित फार आवडेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला एवढी कडक शिक्षा त्यांनीही कधी दिलेली नाही. दुसरे वैशिष्ट्य असे, की ठशावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशापासून माणूस घडवता येत नाही, तसेच हे.

आता प्रत्येक नव्या पानाच्या माथ्यावर मागच्या पानाचा ठसा लिहिलेला असतो. जुन्या पानावरची एक नोंद कोणी बदलली, तर त्या पानाचा ठसा बदलतो. तो पुढच्या पानावरच्या ठशाशी जुळत नाही. म्हणून पुढचे पान बदलावे लागते, मग त्याच्या पुढचे. एक खोटे लपवण्यासाठी पुढची सगळी वही नव्याने लिहावी लागते, आणि तीही बाकीचे हजारो जण पुढची पाने लिहीत असताना. म्हणून ही वही पुसता येत नाही असे म्हणतात. अधिक नेमके सांगायचे तर, पुसणे इतके महाग पडते की कोणाला परवडू नये, अशी तिची रचना असते.

नवे पान कोणी लिहायचे

येथे एक चतुर वाचक विचारील, की गावात पाटील नाही, तलाठी नाही, मग नवे पान लिहायचे कोणी? हाच खरा अवघड प्रश्न होता. त्याचे एक उत्तर ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'सातोशी नाकामोतो' या नावाने प्रसिद्ध झालेल्या नऊ पानांच्या एका निबंधात मिळाले. हे नाव घेणारी व्यक्ती एक आहे की अनेक, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. ३ जानेवारी २००९ रोजी या वहीचे पहिले पान लिहिले गेले आणि बिटकॉइन सुरू झाले.

त्यातील युक्ती अशी. ज्याला पान लिहायचे आहे त्याने आधी एक कोडे सोडवायचे. ते बुद्धीने सुटत नाही. संगणकाला कोट्यवधी वेळा अंदाज बांधत बसावे लागते. सुमारे दर दहा मिनिटांनी कोणाचा तरी अंदाज बरोबर येतो, तो पान लिहितो आणि मेहनताना म्हणून त्याला नवी बिटकॉइन मिळतात. हा मेहनताना सुमारे दर चार वर्षांनी निम्मा होतो. सुरुवातीला तो पानामागे ५० होता, एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आला. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक कधीच होणार नाहीत, असा नियम आहे. या कोड्यांपायी वीज मात्र अफाट जळते. म्हणून ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या 'इथेरियम' या दुसऱ्या मोठ्या वहीने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ही पद्धत सोडून दिली. तेथे आता पान लिहू इच्छिणाऱ्याला स्वतःची नाणी अनामत म्हणून ठेवावी लागतात. लबाडी केली तर अनामत जप्त होते. निवडणुकीला उभे राहणाऱ्याच्या डिपॉझिटची आठवण यावी, अशीच ही व्यवस्था आहे. या बदलाने इथेरियमची विजेची गरज ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली.

टोकन म्हणजे बिल्ला

आपल्या महाविद्यालयातील ज्येष्ठ प्राध्यापकांना बँकेतील पितळी बिल्ला आठवत असेल. चेक आत दिला, की हातात क्रमांकाचा बिल्ला पडे. क्रमांक पुकारला की बिल्ला देऊन पैसे घ्यायचे. त्या पितळेला स्वतःची अशी किंमत नव्हती. किंमत होती ती खिडकीमागच्या तिजोरीला. ब्लॉकचेनवरचे 'टोकन' हे असेच आहे. वहीचे स्वतःचे एक मूळ नाणे असते, जसे बिटकॉइन किंवा इथर. त्याखेरीज इथेरियमसारख्या वहीवर कोणीही काही नियम लिहून स्वतःचा बिल्ला काढू शकतो. हे काम एखाद्या शिकाऊ विद्यार्थ्यालाही तासाभरात जमते, आणि त्या बिल्ल्याला वाटेल ते नाव देता येते.

म्हणून कोणतेही टोकन समोर आले की विचारायचा प्रश्न एकच: या बिल्ल्यामागे खिडकी आहे काय, आणि खिडकीमागे तिजोरी आहे काय? महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेऊन त्यावर अठरा महिने दरमहा १० टक्के परतावा देण्याचे आश्वासन दिले गेले. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचा योजनेचा स्वतःचाच बिल्ला हाती देण्यात आला, ज्याची किंमत नगण्य होती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रमुख सूत्रधारास अटक केली. पुढे २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील हे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले. यातला आणखी एक प्रकार तर डोळे उघडणारा आहे. तपासात पोलिसांना साहाय्य करण्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, जप्तीतील नाणी स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. वही पुसता येत नाही हे खरे. पण किल्ली ज्याच्या हाती, माल त्याचा, हेही तितकेच खरे.

एटापल्लीचे प्रमाणपत्र

इतके वाचून कोणाला वाटेल, की हे सगळे तंत्रच लबाडांचे आहे. तसे म्हणणे म्हणजे खोटे खत झाले म्हणून कागदालाच दोष देण्यासारखे आहे. आपल्याच राज्याचे एक उदाहरण देतो.

आपल्यापैकी अनेकांनी जात प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घातले आहेत. प्रमाणपत्र मिळते, मग ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते निरनिराळ्या कचेऱ्यांतून फिरते. खोट्या प्रमाणपत्रावर कोणी जागा बळकावली तर खऱ्या गरजवंताची ती जागा जाते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ साली सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद ब्लॉकचेनवर करण्याचे काम हाती घेण्यात आले. 'लेजिटडॉक' या संस्थेचे तंत्र त्यासाठी वापरले गेले. वही होती 'पॉलिगॉन' नावाची, जी २०१७ मध्ये 'मॅटिक' या नावाने भारतीय तरुणांनी सुरू केली. त्याआधी २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांसाठी याच संस्थेमार्फत इथेरियमचा उपयोग केला होता.

यातील युक्ती वरच्या ठशाचीच आहे. प्रमाणपत्र जगाला दाखवायचे नाही. फक्त त्याचा ठसा वहीत नोंदवायचा. पुढे कोणी प्रमाणपत्र आणून दाखवले, की त्याचा ठसा पुन्हा काढून वहीतल्या ठशाशी ताडून पाहायचा. नावातील एक वेलांटी जरी बदलली असेल, तरी ठसा जुळणार नाही. मूळ दप्तर जळाले, भिजले, हरवले तरी नोंद राहते.

मात्र येथेही एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. वही फक्त एवढेच सांगते, की नोंद झाल्यापासून बदल झालेला नाही. नोंद मुळातच खोटी असेल, तर वही त्या खोट्यालाही तितक्याच इमानाने सांभाळील. २०१७ साली संगणकावरच्या सातबाऱ्यांचे गावोगाव चावडीवाचन झाले, ते याचसाठी. आकडा संगणकात गेला म्हणून तो खरा होत नाही. तो लोकांसमोर वाचावा लागतो.

प्रारंभ कसा करावा

आता ज्यांना हे स्वतः करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी मी केलेला क्रम सांगतो. यात एक रुपयाही लागत नाही.

पहिली पायरी वॉलेटची. वॉलेट म्हणजे पाकीट, पण या पाकिटात नाणी नसतात. नाणी वहीत असतात. पाकिटात असते ती किल्ली. मी 'मेटामास्क' नावाचे वॉलेट घेतले. ते घेताना कोणी पाठवलेल्या दुव्यावरून घेऊ नये. ज्यांनी ते बनवले त्यांच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्यावे.

दुसरी पायरी बारा शब्दांची. वॉलेट उघडताच इंग्रजीतले बारा साधे शब्द दिसतात. ते २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडलेले असतात, आणि तीच आपली मूळ किल्ली. मोबाईल विहिरीत पडला तरी हे बारा शब्द असले की सर्व काही परत मिळते. आणि ते दुसऱ्याने पाहिले तर सर्व काही त्याचे होते. म्हणून ते कागदावर लिहून घरच्या खताच्या पेटीत ठेवावेत. त्यांचा फोटो काढू नये, कोणाला पाठवू नये. येथे 'पासवर्ड विसरलो' म्हणून अर्ज करायला कचेरी नाही.

तिसरी पायरी पत्त्याची. वॉलेट आपल्याला ४२ अक्षरांचा एक पत्ता देते. त्याची सुरुवात शून्य आणि एक्स यांनी होते. हा पत्ता खुशाल द्यावा. तो बँकेच्या खाते क्रमांकासारखा आहे. मात्र एक फरक आहे. या पत्त्यावर काय आले आणि काय गेले, हे जगातील कोणालाही पाहता येते.

चौथी पायरी सरावाच्या वहीची. खऱ्या वहीशेजारी सरावासाठी एक वही असते, तिच्यातील नाण्यांना बाजारात किंमत नसते. पॉलिगॉनच्या अशा एका सराव-वहीचे नावच 'मुंबई' होते. २०२४ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी 'अमॉय' आली. सरावाची नाणी ज्या ठिकाणी फुकट मिळतात त्याला इंग्रजीत 'फॉसेट' म्हणजे चक्क नळ म्हणतात. आपल्याकडच्या नळाप्रमाणेच तो कधी येतो, कधी येत नाही. धीर धरावा लागतो.

पाचवी पायरी पाठवण्याची. मी आणि माझ्या वर्गमित्राने एकमेकांना सरावाची नाणी पाठवली. दरवेळी थोडी रक्कम हमाली म्हणून कापली गेली. पान लिहिणाऱ्यांना मिळणाऱ्या या हमालीला 'गॅस' म्हणतात. ती वहीच्या मूळ नाण्यातच भरावी लागते. म्हणजे हाती दुसरे टोकन कितीही असले, पण मूळ नाणे नसेल, तर ते जागचे हलत नाही. तिसऱ्या खेपेस मी पत्ता घाईत उतरवला आणि नाणी भलतीकडेच गेली. मित्र म्हणाला, "अरे, परत माग की!" पण मागायचे कोणाकडे? ती नाणी फुकटची होती म्हणून आम्ही हसलो. खरी असती तर हसू आले नसते. तेव्हापासून मी पत्त्याची पहिली आणि शेवटची अक्षरे ताडून पाहतो, आणि आधी अगदी थोडी रक्कम पाठवून बघतो.

सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची: वही वाचणे. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक वही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर घातला, की कोणी, कोणाला, केव्हा, किती दिले हे समोर येते. त्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

आणि एक सावधगिरी. काही ठिकाणी वॉलेट आपल्याला 'परवानगी द्या' असे विचारते. ती नेमकी कशाची आहे हे न वाचता दिली, तर समोरचा आपले सगळे टोकन उचलू शकतो. कोऱ्या कागदावर अंगठा देणे म्हणजे काय, हे आपल्या भागात वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कायदा काय म्हणतो

खरे पैसे घालण्याचा विचार करणाऱ्याने आणखी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. म्हणजे ही नाणी बाळगणे गुन्हा नाही. परंतु ती देशाचे चलनही नव्हेत. कोणत्याही दुकानदारावर ती घेण्याचे बंधन नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही, असा नियम झाला. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर आधीच कापला जाऊ लागला. मार्च २०२३ पासून नाण्यांची देवघेव करणाऱ्या संस्थांना काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागू झाला. रिझर्व्ह बँकेचा 'डिजिटल रुपया' मात्र निराळा. त्याचा सर्वसामान्यांसाठीचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्याच्यामागे खुद्द रिझर्व्ह बँक उभी आहे.

नाणी देवघेवीच्या संस्थेकडेच ठेवली, तर किल्ली तिच्या हाती राहते. १८ जुलै २०२४ रोजी 'वझीरएक्स' या भारतीय संस्थेतून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले. किल्ली स्वतःकडे ठेवावी तर हरवण्याची भीती, दुसऱ्याकडे ठेवावी तर चोरीची भीती. यातून सुटका नाही. कोणती जोखीम आपल्याला झेपते, एवढेच ठरवता येते. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत बँकेतील रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणाऱ्यांविरुद्ध १९९९ चा महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदाही आहे.

मामांचा प्रश्न

हे सारे शिकून झाल्यावर गेल्या दिवाळीत मी मामांकडे गेलो. ओसरीवर बसून त्यांना सराव-वही उघडून दाखवली. माझा पत्ता, मित्राचा पत्ता, कोणत्या दिवशी किती वाजता किती नाणी गेली, सारे दाखवले. मामांनी ते लक्ष देऊन पाहिले. बारा वर्षे बचत गटाचा हिशेब मामी ठेवतात आणि मामा तो दर महिन्याला वाचतात. वही कशी वाचावी हे त्यांना मी काय शिकवणार!

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मंग आपले पैसे ह्या वहीत कुठं हायेत?"

मी म्हणालो, "कुठंच नाहीत, मामा. कधी नव्हतेच. ते आकडे फक्त त्या ॲपवर होते."

मामा गप्प झाले. मलाही बोलवेना. कारण हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी फाट्यावरच्या हॉटेलात विचारायला हवा होता: 'साहेब, आमचा पत्ता कोणता? व्यवहाराचा क्रमांक द्या, आम्ही वहीत पाहून घेतो.' ज्या तंत्राचा एकमेव मोठा गुण म्हणजे कोणालाही वही पाहता येणे, त्याच तंत्राचे नाव घेऊन आम्हांला वहीच दाखवली गेली नव्हती. या एका प्रश्नावर ते गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले असते. तो विचारण्याइतके शिक्षण मामांजवळ होते. फक्त कोणीतरी त्यांना सांगायला हवे होते, की ही एक वही आहे. ते सांगण्याचे काम माझे होते आणि मी मान डोलावली.

त्या दिवशी मामांनी तक्रार देण्याचे ठरवले. आजवर लाजेने ती दिली नव्हती. मी अर्ज मराठीत लिहून दिला. त्यात तारखा, रकमा, बँकेतील नोंदी सगळे क्रमाने घातले. भावकीतील त्या दोघांनाही सह्या करायला बोलावले. त्यातले एक आले. पैसे परत येतील की नाही हे ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी मामींनी तीन कप चहा केला.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच शिकणारे आहोत. आपल्या हाती कोणताही इंग्रजी कागद, कोणतेही नवे ॲप देऊन घरची मंडळी आपल्या चेहऱ्याकडे पाहतात. ते वाचून आपल्याला काही कळले नाही, तर 'कळले नाही, दोन दिवस थांबा, विचारून सांगतो' असे म्हणण्याचे धैर्य आपण ठेवावे. माझ्या अज्ञानापेक्षा माझ्या मान डोलावण्याने आमचे अधिक नुकसान केले. ब्लॉकचेन शिकावी, जरूर शिकावी. पण प्रारंभ पैशाने करू नये, सरावाच्या फुकट नाण्यांनी करावा. आणि कोणी कितीही मोठे नाव घेऊन आला, तरी त्याला प्रथम एवढेच म्हणावे: वही दाखवा.